सातबारा क्लिअर आहे, पण जमीन कुठे आहे?

कोकणात जमीन बघायला गेलं की एजंटचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘साहेब, सातबारा एकदम क्लिअर.’ असेलही. आम्ही घेतली त्या जमिनीचाही होता. पण जमीन कोणाची आणि किती, एवढंच सातबारा सांगतो. ती कुठून कुठपर्यंत आहे, हे त्यावर नसतं. ते कळतं मोजणीतून. आणि ती मोजणी होईपर्यंत माझ्या निवृत्तीचं पहिलं वर्ष जवळजवळ सगळं गेलं. राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहायला बसलोय.

आम्हा दोघांना हवं होतं ते फार नव्हतं. रत्नागिरी जिल्ह्यात, पण समुद्रापासून आत, म्हणजे सीआरझेडची, किनाऱ्यालगतच्या बांधकामाच्या निर्बंधांची, कटकट नको. दवाखाना आणि एसटी हाताशी, बारमाही पाणी, आणि एक बैठं चिऱ्याचं घर बांधून चार झाडं लावता येतील एवढी जागा. शोधाशोधीत मजा आली. त्याबद्दल एकच सांगतो, जमीन मे महिन्यात बघा. ऑगस्टमध्ये कोकणातला कातळसुद्धा हिरवागार दिसतो. विहिरीत दोर किती सोडावा लागतो, ते मे महिन्यातच कळतं.

साताऱ्याकडे माझ्या नावावर वडिलोपार्जित थोडी जमीन आहे, त्यामुळे मी कागदोपत्री शेतकरी. तुम्ही नसाल तर कुळकायद्याचं कलम 63 आडवं येतं, जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. मग सरळ एनए, म्हणजे बिनशेती, प्लॉट शोधा. ‘आपण शेतकरी दाखला मॅनेज करू’ म्हणणाऱ्या एजंटपासून चार हात लांब राहा. तुकडेबंदीचंही बघा, म्हणजे शेतजमिनीचा ठरावीक क्षेत्राहून लहान तुकडा घेता येत नाही. ऑगस्ट 2023 च्या अधिसूचनेनंतर हे किमान, म्हणजे प्रमाणभूत, क्षेत्र जिरायतीला 20 आर (एक आर म्हणजे साधारण एक गुंठा) आणि बागायतीला 10 आर झालं. त्यानंतरही त्यात बदल होत आहेत, म्हणून व्यवहाराच्या वेळचा नियम वकिलालाच विचारा. आमचा हिस्सा साडेबावीस आर, त्यामुळे तिथे अडलो नाही.

जागा सुरेख होती. तिन्ही बाजूंनी जुना गडगा, म्हणजे दगड रचून केलेलं कुंपण, खालच्या अंगाला विहीर, वर थोडा कातळ. मालक डोंबिवलीचे, गणपतीला गावी येणारे. माणूस सज्जन. गडग्याकडे बोट दाखवून म्हणाले, ‘आमच्या आजोबांपासून हीच हद्द.’ बायकोने मला बाजूला घेऊन विचारलं, ‘आजोबांनी मोजली होती का?’ तिथेच ठरलं की मोजणी झाल्याशिवाय बयाणा द्यायचा नाही.

मोजणीचा अर्ज खातेदारालाच करावा लागतो. घेणारा कितीही उतावीळ असला तरी तो कोणीच नसतो. म्हणजे मालकांची सही, मालकांचं ओळखपत्र, मालकांच्या नावे चलन. पैसे अर्थात मी भरले. तेव्हा साधी, तातडी, अति तातडी असे प्रकार होते, आता नियमित आणि द्रुतगती असे दोनच आहेत. मी तातडीचे भरले. तातडी हा फीचा प्रकार आहे, कामाचा नाही, हे पुढे समजलं.

आधी तारीख मिळाली आणि गेली, कारण भूकरमापक, म्हणजे मोजणी करणारा सरकारी माणूस, निवडणुकीच्या कामाला. ठीक आहे, देशाचं काम आहे. पुढची तारीख मिळायच्या आत खरी गाठ बसली. मोजणीआधी लगतच्या सगळ्या खातेदारांना नोटीस जाते. आमच्या विहिरीकडच्या बाजूला ज्यांचं नाव होतं, ते गृहस्थ बऱ्याच वर्षांपूर्वी वारलेले. नोटीस परत आली. मी तालुक्याच्या मोजणी कार्यालयात गेलो. टेबलापलीकडचे साहेब माझ्यापेक्षा बरेच लहान.

‘काका, नोटीस बजावली गेली नाही. मोजणी लागणार नाही.’

‘साहेब, ते वारलेत.’

‘मग वारसांना द्यायला हवी.’

‘सातबाऱ्यावर वारसनोंद नाही.’

‘मग तलाठ्यांकडून नोंद करून आणा.’

तलाठ्यांचं आता ग्राम महसूल अधिकारी असं नवं नाव झालंय, पण वाडीत अजून सगळे तलाठीच म्हणतात. ते म्हणाले, वारसनोंदीला वारसांनीच अर्ज करायचा असतो, मृत्यूचा दाखला जोडायचा असतो, तुम्ही त्यांचे कोण? मी त्यांचा कोणीच नव्हतो. मी तर अजून आमच्या जमिनीचाही कोणी नव्हतो. वारस कोण, कुठे, किती? एक मुलगा विरारला, मुली लग्न होऊन गेलेल्या, पुतण्यांचा आपसात वाद. त्यांनी माझ्या सोयीसाठी दाखले गोळा करत का बसावं? मी परत मोजणी कार्यालयात. तिथून परत तलाठ्यांकडे. मधल्या काळात मी दोन्ही ठिकाणच्या शिपायांना नावाने हाक मारायला लागलो होतो आणि तेही मला ‘आलात का?’ म्हणून विचारत होते.

मग पाऊस आला. पावसाळ्यात तिथे मोजणीचं नाव कोणी काढत नाही. गवत कमरेएवढं, आणि विचारलं की उत्तर एकच, ‘दिवाळीनंतर बघू.’

सुटका झाली ती गावच्या पोलीस पाटलांमुळे. त्यांच्या ओसरीवर बसून मी सगळं रडगाणं गायलो. ते शांतपणे म्हणाले, ‘घर आहे ना त्यांचं वाडीत? दारावर नोटीस डकवायची, पंच घ्यायचे, पंचनामा करायचा. झाली तामील.’ त्यांच्याच समोर ते झालं. घरात राहणाऱ्या पुतण्याने एका प्रतीवर सहीसुद्धा केली, चहा दिला, आणि ‘कधीपासून वाट बघताय?’ असं विचारलं. मी तो पंचनामा घेऊन कार्यालयात गेलो. साहेबांनी वाचला, फाइलला लावला आणि म्हणाले, ‘हो, असं चालतं की.’

चालतं की! मग पहिल्याच दिवशी सांगायला काय झालं होतं? मी तिथे काही बोललो नाही, पण बाहेर येऊन एसटी स्टँडवर उभ्या उभ्या बायकोला फोनवर जे ऐकवलं, ते शेजारच्या माणसाने मान वळवून ऐकलं. म्हणून तुम्हाला सांगतो: नोटीस परत आली तर वारसनोंदीच्या मागे धावू नका. ‘डकवून तामील करता येईल का?’ असं लेखी विचारा आणि अर्जावर पोच घ्या. तोंडी प्रश्नाला तोंडी उत्तर मिळतं, आणि ते टेबल बदललं की बदलतं. नोटीस रीतसर बजावली गेली की लगतचा माणूस हजर नसला तरी मोजणी होते.

प्रत्यक्ष मोजणी दोन तासांत आटोपली. भूकरमापक रोव्हर, म्हणजे उपग्रहावरून जागा टिपणारं मोजणीचं यंत्र, घेऊन आला. तरुण पोरगा, कामाला चोख. वाडीतली पाच-सहा माणसं मागे मागे. क्षेत्र बरोबर भरलं, साडेबावीस आर. फक्त ते गडग्याच्या आत नव्हतं. हिस्सा वर कातळाकडे सरकलेला, आणि विहीर पूर्ण बाहेर, त्याच वारलेल्या गृहस्थांच्या हिश्शात. डोंबिवलीचे मालक बराच वेळ नकाशाकडे बघत राहिले. मला मात्र, खरं सांगतो, आनंद झाला. सज्जन माणसाच्या शब्दावर जी विहीर मी विकत घेतली असती, ती त्याची नव्हतीच. भाव खाली आला आणि आम्ही घेतली. त्या फरकात बोअर झाली, पाणी लागलं.

पुढचं झटपट झालं. खरेदीखत, मग फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावर आमचं नाव लावायची नोंद. हरकतीचे 15 दिवस गेले, मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद मंजूर केली. आमचा हिस्सा गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आत, त्यामुळे जमीन महसूल संहितेच्या तेव्हाच्या कलम 42-ड खाली बिनशेतीचं कामही तुलनेने हलकं गेलं. तुमची जागा लांबच्या वाडीत असेल तर हे आधी नकाशावर बघून घ्या. सगळ्या वाड्या गावठाणात मोडत नाहीत.

रस्त्याचं सांगायचं राहिलं. पायवाट म्हणजे रस्ता नव्हे. चिऱ्यांचा ट्रक जाईल का, आणि तो कोणाच्या हिश्शातून जाईल, हे मोजणीच्या दिवशीच भूकरमापकाला विचारा. रस्ता नसेल तर त्याच संहितेच्या कलम 143 खाली तहसीलदारांकडे बांधावरून रस्ता मागता येतो, पण ते म्हणजे पुन्हा नोटिसा आणि पुन्हा लगतधारक. मी असतो तर ती जमीनच सोडून दिली असती.

आणि मोजणीच्या खुणा त्याच दिवशी चिरे पुरून पक्क्या करा, फोटो काढा. आमची एक खुंटी गुरांनी पाडली, की कोणी उपटली, कोण जाणे. ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, हातात आली की जादा नकला काढून ठेवा. वकील, ग्रामपंचायत, बांधकामाचा इंजिनिअर, सगळे तीच मागतात, आणि मूळ प्रत एकदा कोणाच्या फाइलमध्ये गेली की ती मागायला पुन्हा त्याच टेबलापाशी जावं लागतं.