इडलीपात्रातले स्क्रू

आमच्या घरात इडलीपात्रं दोन आहेत. एक इडल्यांचं आणि एक माझं. माझ्यात इडल्या लावत नाहीत कारण एकदा त्यात लायटरचं पेट्रोल सांडलं आणि पाच वेळा घासूनही वास गेला नाही असं बायकोचं म्हणणं आहे (गेलाय, पण वाद कोण घालणार). नशिबाने ते जुन्या पद्धतीचं, बिनभोकांचं होतं, म्हणून माझ्या उपयोगी पडलं. कॅमेरा खोलायला घेतला की पहिला निघालेला स्क्रू पहिल्या वाटीत, दुसरा दुसऱ्या वाटीत असं गोल फिरत जायचं आणि जोडताना त्याच वाटेने उलटं यायचं. त्याआधी मी पेपरवर मांडून बसायचो, मग एकदा कोणीतरी पंखा लावला. तेव्हापासून माझ्या झेनिटला एक स्क्रू कमी आहे, आणि गंमत म्हणजे तिचं त्यावाचून काही अडत नाही, रशियन माल.

जुने कॅमेरे खोलून दुरुस्त करायचं हे खूळ लागलं पुण्याच्या जुन्या बाजारात. रविवारी आणि बुधवारी भरतो तो. मी गेलो होतो ड्रिल मशीनचा चक बघायला आणि आलो याशिका इलेक्ट्रो 35 हा जुना जपानी कॅमेरा घेऊन, सातशे रुपयांत, घासाघीस करून. जीएसएन मॉडेल, म्हणजे 1973 नंतरचा. हातात घेतला की कळतं, चांगला वीटभर वजन. काच स्वच्छ, क्रोम चकाचक, आणि चालत मात्र नव्हता.

तो घेऊन मुंबईला फोर्टात बोरा बाजारात एका म्हाताऱ्या काकांकडे गेलो. त्यांनी कॅमेऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही. कानाशी धरला, फिल्म पुढे सरकवायचा लिव्हर ओढला, म्हणाले, "ठक वाजत नाही." मी म्हटलं, कसला ठक? तर म्हणे या कॅमेऱ्याचा लिव्हर ओढला की आत ठक असा आवाज आलाच पाहिजे. नाही आला म्हणजे आतलं रबर गेलं. मग त्यांनी मला दुरुस्तीचे किती पडतील ते सांगितलं आणि मी ठरवलं की आपणच शिकावं.

आता हे रबर म्हणजे काय, तर आतल्या एका दांड्याच्या टोकाला चिकटवलेला नखाएवढा तुकडा. पन्नास वर्षांत त्याचा भुगा होतो किंवा डांबर होतं, दांडा मग जितका सरकायला हवा तितका सरकत नाही, आणि कॅमेरा उजेडाचा हिशोब चुकवायला लागतो. बाकी सगळं ठणठणीत असतं हो! जुन्या कॅमेऱ्यांचं मला कळलेलं खरं दुखणं हेच आहे. पितळ झिजत नाही, काच जात नाही (बुरशी लागू दिली नाही तर), गिअर तर अजून शंभर वर्षं फिरतील. मरतं ते आतलं सगळ्यात स्वस्त सामान. मागच्या झाकणाच्या खाचेत उजेड आत येऊ नये म्हणून फोम असतो, त्याचा काळा चिकट गूळ होतो, तो टूथपिकने खरवडत दोन संध्याकाळी जातात आणि त्या जागी मी चक्क काळी लोकर चिकटवतो, मस्त चालते. याशिकाचं रबर मी नळाच्या वायसरमधून कापलं. वायसर पाच रुपयांचा, पण तिथवर पोचायला पुढचं लेदर सोला, लेन्सचं अख्खं तोंड बाहेर काढा, आतल्या वायरी तुटू देऊ नका, यात माझे तीन रविवार गेले. आणि जपानी स्क्रू दिसतात आपल्या चौफुली स्क्रूसारखे पण तसे नसतात, साधा स्क्रूड्रायव्हर लावला की डोकं खाल्लंच समजा. दोन खाल्ली मी.

बॅटरीची आणखी वेगळी कथा. मूळची 5.6 व्होल्टची, पाऱ्याची, ती बंदच झाली. मग घड्याळवाल्याकडून एलआर 44 चे चार सेल आणायचे, कागदात गुंडाळून एकावर एक रचायचे, उरलेल्या जागेत बॉलपेनची स्प्रिंग. सहा व्होल्ट होतात, कॅमेरा तक्रार करत नाही. बॅटरी नसली तरी हा बाबा 1/500 सेकंदाच्या वेगाला फोटो काढतोच, म्हणजे कडक ऊन असेल तर अगदी अडून बसत नाही.

पावसाळ्यात मात्र सगळं लटकतं. जून ते सप्टेंबर माझे कॅमेरे तांदळाच्या डब्यासारख्या हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसकट. पुड्या जमवायला मी लोकांच्या बुटांच्या खोक्यातसुद्धा हात घालतो. डब्याबाहेर राहतो फक्त वडिलांचा अॅग्फा क्लिक थ्री, बडोद्यात बनलेला. एका रोलवर बारा चौकोनी फोटो, त्यात बिघडायला मुळात काही ठेवलेलंच नाही, त्यामुळे त्याच्यावर प्रेम असूनही मजा नाही.

याशिका जोडून झाल्यावर रोल घातला. कलर रोल, धुलाई, स्कॅन मिळून हजाराच्या वर जातात, म्हणून एकेक फोटो मोजून मापून काढला. आकडा छत्तीसवर गेला, मग अडतीस, मग चाळीस, तेव्हा शंका आली. फिल्म दात्यांत अडकलीच नव्हती. सगळा रोल आहे तिथेच, कोरा करकरीत. चाळीस फोटो मी फक्त मनात काढले होते, आणि सांगतो, त्यातला सिंहगडावरच्या ताकवालीचा फार सुंदर आला होता.

परवा रात्री दुसरी एक इलेक्ट्रो उघडून बसलो होतो. साडेअकरा वाजलेले, शेवटच्या वाटीतला शेवटचा स्क्रू बसवला, श्वास धरून लिव्हर ओढला. ठक. तेवढ्यात आतल्या खोलीतून, मला वाटत होतं झोपली असेल, आवाज आला, "वाजला ना? आता लाईट बंद कर."