पोपटी-पांढरा पीसी : रंग जुळला आणि सुट्या भागांची यादी बदलली

स्वतः जोडत असलेल्या पोपटी-पांढऱ्या पीसीचे सारे काम मागील नोंदीत ज्या पोपटी रंगावर अडून बसले होते, तो रंग अखेर एलईडीच्या पट्टीवर हवा तसा उतरला आहे. या यशाचा आनंद मोठा आहे; परंतु रंग हाती येताच त्यानेच आधी निवडलेल्या भागांची जवळजवळ निम्मी यादी मोडीत काढली, म्हणून ही नोंद थोडी लांबणार आहे.

खर्चाची मर्यादा तीच आहे : मॉनिटर सोडून पंचेचाळीस हजार रुपये. कल्पनाही तीच आहे. आपल्या जळगावच्या भरताच्या वांग्याचा फिका, चकचकीत पोपटी रंग आणि त्याच्या बुडाकडे उतरत जाणाऱ्या पांढऱ्या रेषा, एवढ्या दोनच रंगांवर संपूर्ण पीसी उभा करायचा. ज्यांनी जळगाव जिल्ह्यातल्या बामणोदचे वांगे हातात घेऊन पाहिले आहे त्यांना ही छटा वेगळी सांगावी लागणार नाही. तो कैरीचा गडद हिरवा नव्हे आणि लिंबाचा पिवळाही नव्हे, आणि नेमकी हीच मधली जागा एलईडीला साधत नव्हती.

अडचण अशी होती. ताज्या वांग्याचे दिवसाच्या उजेडात छायाचित्र घेऊन संगणकाच्या पडद्यावर त्याचा रंग वेचला, तेव्हा लाल १५०, हिरवा २५५ आणि निळा ६० असे आकडे मिळाले. पडद्यावर ते अगदी बरोबर दिसत होते. तेच आकडे ईएसपी३२ या छोट्या नियंत्रक बोर्डाला जोडलेल्या डब्ल्यूएस२८१२बी या रंगीत एलईडीच्या पट्टीला दिले की मात्र पट्टीवर दुधाळ, लिंबासारखा पिवळट रंग येत असे. लाल थोडा कमी केला तर रंग एकदम हिरव्याकडे घसरे, निळा काढून टाकला तर भडक होई, आणि प्रत्येक बदल अंदाजाने करावा लागत असल्यामुळे एक छटा सापडली तरी तेज कमी-जास्त करताच ती पुन्हा हातची जात असे.

याचे कारण गॅमा हे आहे. पडदा १५० हा आकडा सरळ प्रमाणात दाखवत नाही. २५५ पैकी १५० म्हटले की तो पूर्ण तेजाच्या सुमारे ३१ टक्केच प्रकाश देतो, कारण आकडा आणि प्रकाश यांच्यात साधारण २.२ घाताचे नाते असते आणि छायाचित्रातले रंग तेच नाते गृहीत धरून साठवलेले असतात. एलईडी मात्र हा हिशेब जाणत नाही. ती १५० म्हणजे वेळेच्या ५९ टक्के चालू, इतकाच अर्थ घेते. त्यामुळे लाल जवळजवळ दुप्पट पडतो आणि निळा, जो पडद्यावर जेमतेम ४ टक्के असतो, तो पट्टीवर २३ टक्क्यांच्या पुढे जातो. पहिल्याने रंग पिवळा होतो आणि दुसऱ्याने फिकुटतो. प्रत्येक आकड्याला २५५ ने भागून त्याचा २.२ घात काढला आणि पुन्हा २५५ ने गुणले, तेव्हा १५०-२५५-६० चे ७९-२५५-११ झाले. हे आकडे पट्टीला दिले त्या क्षणी शेजारी ठेवलेले वांगे आणि पट्टीवर लावलेला ट्रेसिंग पेपर एकाच रंगाचे दिसू लागले. डब्ल्यूएलईडी हे ईएसपी३२ वर चालणारे एलईडीचे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना हा हिशेब हाताने करण्याचीही गरज नाही. त्याच्या सेटिंगमध्ये रंगासाठी गॅमा दुरुस्तीचा पर्याय आहे, तो चालू ठेवावा.

येथवर आल्यावर वाटले की आता फक्त बी५५० चिपसेटचा मदरबोर्ड, ५ व्होल्टचे एआरजीबी (प्रत्येक दिव्याचा रंग स्वतंत्र ठरवता येणारे) पंखे आणि दिव्याची रॅम मागवायची. परंतु ओळखीच्या एका छंदिष्टाच्या पीसीवर हेच आकडे देऊन पाहिले, तेव्हा पंख्यांचा पोपटी वेगळा आणि रॅमचा पोपटी वेगळा निघाला. प्रत्येक उत्पादकाच्या एलईडीतील हिरव्याची तरंगलांबी थोडी निराळी असते आणि वरच्या दुधी प्लास्टिकचा रंगही निराळा असतो, त्यामुळे असे होणारच. ओपनआरजीबी या दिव्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक भागाला स्वतंत्र आकडे देता येतात, त्यामुळे हेही जुळवता आले असते. पण पंख्यांच्या बाबतीत दुकानांची वर्णने विश्वासाची नाहीत. एका ऑनलाइन दुकानाने एआरजीबी म्हणून पाठवलेल्या पंख्याला फक्त मोलेक्सची, म्हणजे नुसत्या विजेची, जोडणी होती आणि त्याचे रंग आपोआप फिरत राहत होते. तो परत केला. पंखा घेताना खोक्यावरील शब्दांपेक्षा जोडणीचे छायाचित्र पाहावे. चार जागांपैकी एक मोकळी सोडून तीन पिना असतील तर तो ५ व्होल्टचा, आणि सलग चार पिना असतील तर १२ व्होल्टचा. ५ व्होल्टचे दिवे मदरबोर्डवरील १२ व्होल्टच्या हेडरवर (पिनांच्या जोडणीवर) लावले तर ते जळतात.

खरा पेच मात्र त्यापुढचा होता आणि तो कोणत्याही आकड्याने सुटणारा नव्हता. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये एक पांढरे कॅबिनेट उघडून त्यात माझी जुळवलेली पट्टी लावून पाहिली. पट्टीचा रंग उत्तम होता, पण आतले सगळे पांढरे पत्रेही पोपटी झाले होते. पांढरा पृष्ठभाग त्याच्यावर पडेल तो प्रकाश परत देतो, म्हणून रंगीत दिवा लावला की दोन रंगांच्या संगतीतला पांढरा उरतच नाही. भरताच्या वांग्याचे सौंदर्य पोपटीवर पांढरी रेष स्पष्ट उठून दिसण्यात आहे, आणि येथे ती रेषच पुसली जात होती. तेव्हा निर्णय झाला की रंग प्रकाशातून घ्यायचा नाही, पृष्ठभागातून घ्यायचा. प्रकाश फक्त स्वच्छ पांढरा ठेवायचा. हा निर्णय स्वस्तही आहे, आणि कमी पैशात रंगसंगती साधू पाहणाऱ्या प्रत्येकाने दिव्यांची खरेदी करण्यापूर्वी याचा विचार करावा असे माझे स्पष्ट मत आहे.

पांढरा प्रकाशही साध्या पांढऱ्या एलईडीचाच हवा. लाल, हिरवा आणि निळा एकत्र करून बनवलेल्या पांढऱ्याखाली रंगवलेले पृष्ठभाग विचित्र दिसतात, कारण त्या तीन रंगांच्या मधला प्रकाश त्यात फारच थोडा असतो. म्हणून ४००० केल्विनची, रंगनिष्ठा (सीआरआय, कमाल १००) ९० च्या वर असलेली १२ व्होल्टची एकरंगी पट्टी घेतली असून ती मोलेक्सच्या पिवळ्या आणि काळ्या तारेवर चालेल. तिला ना हेडर लागतो, ना सॉफ्टवेअर.

पोपटी रंगासाठी तयार स्प्रेच्या डब्यांचा विचार सोडला, कारण त्यात मोजक्याच छटा मिळतात. त्याऐवजी गाड्यांचा रंग बनवून देणाऱ्या दुकानात वांगे घेऊन गेलो. तेथील कारागिराने ते दारात, उन्हात धरले, शेड कार्डावरची सर्वांत जवळची छटा निवडली आणि तिच्यात थेंबाथेंबाने पांढरा व पिवळा मिसळत पत्र्याच्या तुकड्यावर नमुने ओढून दिले. वांगे ताजेच न्यावे. चार दिवसांत त्याची साल निस्तेज होते. ओला रंग वाळल्यावर किंचित गडद दिसतो हे त्याने आधीच सांगितले होते, म्हणून सुकलेला नमुना घरी आणून ४००० केल्विनच्या पट्टीखाली पाहिला आणि मगच रंग पक्का केला.

आता यादीकडे. रायझन ५ ५६००जी हा आतच ग्राफिक्स असलेला प्रोसेसर कायम आहे, कारण वेगळ्या ग्राफिक कार्डाला या रकमेत जागा नाही. बी५५० चा बोर्ड मात्र गेला. तो मुख्यतः ५ व्होल्टच्या हेडरांसाठी घेत होतो, पीसीआयई ४.० (कार्ड आणि एसएसडीसाठीची वेगवान जोडणी) चा लाभ ५६००जी ला मिळतच नाही, कारण हा प्रोसेसर ३.० वरच थांबतो. ए५२० चिपसेटचा साधा मायक्रो-एटीएक्स (लहान मापाचा) बोर्ड पुरेसा आहे. तो काळा असेल, आणि भाजलेल्या वांग्याची साल काळीच असते, त्यामुळे तिसरा रंग म्हणून काळा मी समाधानाने स्वीकारला आहे. वाचलेली रक्कम रॅमकडे वळवली. २०२५ च्या उत्तरार्धापासून मेमरीचे भाव चढल्यामुळे ती गरजही होती. ८ जीबीच्या दोनच पट्ट्या घ्यायच्या, १६ ची एक नाही, कारण आतील ग्राफिक्स याच मेमरीवर जगते आणि ३२०० च्या एका पट्टीवर सेकंदाला २५.६ जीबी मिळणारी वाट दोन पट्ट्यांवर ५१.२ होते. पट्ट्या बिनदिव्याच्या, पांढऱ्या पत्र्याच्या.

कॅबिनेटचा पुढचा भाग जाळीचाच हवा, याबाबत तडजोड नाही. पुढे काच असलेली कॅबिनेट देखणी असतात, पण मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि बंद खोलीतही ४० अंश असतात. २६ अंशांच्या खोलीत जो प्रोसेसर ७० वर राहतो तो ४० अंशांच्या खोलीत त्याच भाराखाली ८४ च्या घरात जाईल, आणि ५६००जी ची मर्यादा ९५ आहे. म्हणूनच सोबत मिळणारा रेथ स्टेल्थ कूलर बाजूला ठेवून डीपकूल एके४०० या कूलरचा पांढरा नमुना घेणार आहे. त्याची उंची १५५ मिमी असल्याने कॅबिनेट निवडताना ती जागा मोजून घ्यावी लागेल. एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) कार्यक्षमतेच्या ब्रॉन्झ दर्जाचा, काळाच. तो खालच्या कप्प्यात झाकला जातो आणि रंगवण्यासाठी तो उघडणे धोक्याचे आहे, कारण वीज काढल्यावरही आतील कपॅसिटरमध्ये भार उरतो.

पोपटी नेमका कुठे लावायचा, याचा बेत हे लिहिता लिहिताच बदलला. मूळ विचार एसएमपीएसच्या कप्प्याचे झाकण आणि मागच्या स्लॉटच्या पट्ट्या रंगवण्याचा होता. स्वस्त कॅबिनेटमध्ये ते झाकण रिव्हेटने बसवलेले असते आणि स्लॉटच्या पट्ट्या एकदा तोडल्या की परत बसत नाहीत. त्याऐवजी दुकानांचे फलक बनवणाऱ्यांकडे मिळणारी ३ मिमीची एसीपी (दोन पातळ अॅल्युमिनियम पत्र्यांमध्ये प्लास्टिक असलेली) शीट झाकणाच्या मापाने कापून घ्यावी, तारांसाठी खाचा ठेवाव्यात, ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून प्रायमर आणि रंगाचे पातळ कोट द्यावेत आणि दुहेरी टेपने वर बसवावी. कॅबिनेटची वॉरंटी अबाधित राहते, रंग बिघडला तर नवी शीट कापता येते, आणि मुख्य म्हणजे शीट बाहेर सपाट ठेवून मास्किंग टेपने वांग्याच्या पांढऱ्या रेषा सुबक काढता येतात. रेषा एका टोकाला दाट आणि दुसरीकडे विरळ हव्यात. दाट टोक पुढच्या पंख्यांकडे राहील. एसएमपीएसचा पंखा खाली तोंड करून बसवणार असल्याने झाकणावरची जाळी बंद झाली तरी त्याची हवा अडत नाही.

तारांसाठी ही छटा विणलेल्या एक्स्टेन्शनमध्ये कोठेही मिळाली नाही. जवळची छटा लावण्यापेक्षा सर्व तारा पांढऱ्या ठेवून त्यांना ओळीत धरणारे कंगव्यासारखे तुकडे (केबल कोम्ब) तेवढे त्याच रंगाने रंगवीन. शीटचे माप कॅबिनेट हातात आल्याशिवाय घेता येत नाही, त्यामुळे सर्वांत आधी कॅबिनेट येईल आणि बोर्ड शेवटी.