बेंगळुरूहून पुण्याला जुनी गाडी आणताना

बेंगळुरू ते पुणे साधारण ८४० किलोमीटर. तुमकूर, चित्रदुर्ग, हुबळी, बेळगाव, कोल्हापूर, सातारा असा सरळ एनएच-४८. पहाटे पाचला निघालं तर दुपारचं जेवण बेळगावच्या आसपास होतं, मुक्काम करायचा तर कोल्हापूर सोयीचं. रस्ता सोपा आहे. गाडी अडकते ती कागदांत, म्हणून या कामाला दोन खेपा धराव्यात.

पहिली खेप फक्त कागदांची. आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, बँकेच्या कर्जाचा बोजा दिसतोय का ते आधी पाहावं. कर्ज फिटलं तरी बोजा आपोआप उतरत नाही. बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ देऊन तो उतरवावा लागतो. जुनी ई-चलनं भरून घ्यावीत. मग गाडीच्या मूळ आरटीओत फॉर्म २८ भरून एनओसी, म्हणजे गाडी दुसऱ्या आरटीओकडे न्यायचा ना हरकत दाखला, मागायची. हा अर्ज नोंदणीकृत मालकाने, म्हणजे विकणाऱ्यानेच करायचा असतो. ओटीपी त्याच्या नोंदवलेल्या मोबाइलवर येतो. तो नंबर बंद असेल तर सगळं तिथंच थांबतं. चेसिस नंबरचा पेन्सिलने घेतलेला छाप पुसट असला की अर्ज परत येतो, म्हणून चार-पाच छाप काढून ठेवावेत.

सर्वांत महागात पडणारी चूक एकच: एनओसीवर आरटीओ चुकीचं पडणं. पिंपरीत राहणाऱ्याला एमएच-१४ लागतं, पुणे शहराला एमएच-१२. ‘पुणेच लिहा’ म्हटलं की पुन्हा बेंगळुरू गाठायची वेळ येते.

मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ (दोन प्रती) आणि फॉर्म ३० वर विकणाऱ्याच्या सह्या याच खेपेत घ्याव्यात, आरसीवर आहे तशाच. कर भरल्याची पावतीही मागून घ्यावी.

एनओसी हातात आली की दुसरी खेप. ताबा घेताना तारीख, वेळ आणि मीटरचा आकडा लिहिलेली, दोघांच्या सह्यांची पावती करावी. विकणाऱ्यासाठीही ती गरजेची आहे. आरसीवर ज्याचं नाव, अपघाताची जबाबदारी त्याचीच, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल आहे. विमा आणि पीयूसी चालू असल्याशिवाय गाडी हलवू नये. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्यायचा. नो क्लेम बोनस (विम्याचा दावा न केल्याबद्दलची हप्त्यातली सवलत) विकणाऱ्याकडेच राहतो, त्यामुळे फरकाची रक्कम भरावी लागते. जुन्या मालकाचा फास्टॅग बंद करवून नवा लावावा, नाहीतर टोलचे पैसे त्याच्या खात्यातून जातात.

पुण्यात पोचल्यावर ‘बारा महिने वेळ आहे’ असं हमखास ऐकायला मिळतं. ते खरं नाही. बारा महिने ही मुदत परराज्यातला नंबर बदलण्याची आहे. मालकी बदलल्याचं ३० दिवसांत कळवायचं असतं. दोन्ही कामं एकत्र उरकावीत: फॉर्म २७ (नव्या नंबरासाठी), २९, ३०, एनओसी, विमा, पत्त्याचा पुरावा, महाराष्ट्राचा कर, आणि गाडी प्रत्यक्ष तपासणीला. कर गाडीच्या वयावर ठरतो, तो सौदा करतानाच किमतीत धरावा.

नवी आरसी आली की कर्नाटकात आधी भरलेल्या कराच्या उरलेल्या भागाचा परतावा मागता येतो. अर्ज मूळ आरटीओतच करायचा असतो, सोबत नव्या आरसीची आणि इथल्या कराच्या पावतीची प्रत. पहिल्या खेपेत मागून घेतलेली पावती इथं लागते.