स्प्लिटची बोट आणि अडीच हजार युरो

क्रोएशियात शिडाची बोट भाड्याने घ्यायचं ठरलं की बेटं, वारा आणि भाडं यावर भरपूर चर्चा होते. करारातल्या डिपॉझिटकडे मात्र कुणी फारसं बघत नाही. आमच्या चाळीस फुटी बोटीचं डिपॉझिट होतं अडीच हजार युरो, म्हणजे साधारण अडीच लाख रुपये. आठवडाभराच्या सुट्टीत एवढी रक्कम कुणाच्या तरी एकाच्या कार्डावर अडकते, आणि ते कार्ड बहुतेक वेळा स्किपरचं, म्हणजे बोट चालवणाऱ्याचं असतं.

मी म्युनिकला असतो. जर्मनीचा समुद्री बोटींचा परवाना आणि व्हीएचएफ रेडिओचं प्रमाणपत्र माझ्याकडे आहे. पगारी स्किपर न घेता क्रोएशियात बोट हवी असेल तर ही दोन्ही लागतात. सोबत पुण्याहून आलेले आतेभाऊ, म्हणजे आमचा दादा, आणि वहिनी, आणि स्टुटगार्टचं एक मराठी जोडपं. समुद्राची सवय त्यांच्यापैकी कुणालाच नव्हती, उत्साह मात्र सगळ्यांना होता.

डिपॉझिट का घेतात हे नीट कळलं की पुढचे निर्णय सोपे जातात. बोटीचा स्वतःचा विमा मालकाने उतरवलेलाच असतो. पण त्या विम्यात नुकसानीचा पहिला ठरावीक भाग मालकाला सोसावा लागतो आणि तोच भाग तो डिपॉझिटच्या रूपात आपल्याकडून घेऊन ठेवतो. त्यामुळे धक्क्याला मागची बाजू घासली, इंजिनच्या पंख्यात दोर अडकला, असल्या छोट्या नुकसानीचा खर्च डिपॉझिटमधून जातो. मोठा अपघात झाला तर त्यापुढचं विमा कंपनी बघते, मात्र चालकाचा गंभीर निष्काळजीपणा नसावा. दारू पिऊन बोट चालवली किंवा अपघात कळवलाच नाही, तर हे संरक्षण हातचं जाऊ शकतं.

आमच्यापुढे तीन वाटा होत्या. पहिली, पूर्ण डिपॉझिट भरायचं आणि काही झालं नाही तर परत घ्यायचं. दुसरी, डॅमेज वेव्हर. यात बोटीच्या कंपनीलाच तीनशेवीस युरो द्यायचे, ते परत मिळत नाहीत, पण डिपॉझिट पाचशेवर येतं. तिसरी जर्मनीत बरीच रुळलेली आहे, डिपॉझिटचा विमा. डिपॉझिट पूर्ण भरायचं, पण त्यातून काही कापलं गेलं तर वेगळी विमा कंपनी ते आपल्याला भरून देते. आमच्यासाठी त्याचा हप्ता एकशेसाठ युरोच्या आसपास होता आणि दाव्यातले पन्नास युरो आपल्याच खिशातून.

वेव्हर ऐकायला फार सुटसुटीत वाटतं, पण मी त्याच्या अटी काढून वाचल्या. फाटलेलं शीड त्यात नव्हतं. हरवलेली डिंगी, म्हणजे बोटीसोबतची छोटी होडी, आणि तिचं इंजिनही नव्हतं. मैलापाण्याची टाकी तुंबली तर तेही नाही. म्हणजे नवख्या मंडळींकडून ज्या गोष्टी होण्याची शक्यता जास्त, त्यातल्या कितीतरी बाहेरच. हे कंपनीगणिक बदलतं, म्हणून दुसऱ्याच्या अनुभवावर विसंबू नका, आपल्या कराराच्या अटी स्वतः वाचा. डिपॉझिटच्या विम्यातही वगळलेल्या गोष्टी होत्या, पण आमच्या बाबतीत त्या कमी होत्या, आणि दावा तपासणारी कंपनी बोट भाड्याने देणाऱ्यांची नव्हती. मला हा दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा वाटला. आम्ही डिपॉझिटचा विमा घेतला. सोबत स्किपरचा जबाबदारीचा विमाही घेतला, कारण दुसऱ्याच्या बोटीला किंवा माणसाला इजा झाली तर ते पैसे डिपॉझिटच्या विम्यातून मिळत नाहीत.

निघण्याआधीच्या व्हिडिओ कॉलवर मी आणखी एक गोष्ट ठरवून घेतली. नुकसान कुणाच्याही हातून झालं तरी खर्च सगळ्यांचा, समान वर्गणीने. आपल्याकडे घरच्या माणसांत पैशांचं बोलायला जीव संकोचतो. दादा म्हणालाच, "अरे, एवढं काय कागदावर आणतोस!" तरी मी चार ओळी लिहून ग्रुपवर टाकल्या आणि सगळ्यांकडून होकार घेतला.

शनिवारी संध्याकाळी स्प्लिट शहराजवळच्या काश्तेलाच्या मरिनात, म्हणजे बोटींच्या बंदरात, बोट ताब्यात मिळाली. स्प्लिटच्या परिसरात बहुतेक बोटी शनिवार ते शनिवारच मिळतात, त्यामुळे त्या वेळी ऑफिससमोर नुसती झुंबड असते. काउंटरवरच्या बाईंनी वेव्हरबद्दल पुन्हा एकदा विचारलं. रांगेत आमच्यापुढच्या कुटुंबाने तिथल्या तिथे हो म्हणून पैसे भरले. दमलेल्या अवस्थेत कुणीही तेच करेल, म्हणून हा निर्णय घरीच घेऊन जावा. आम्ही मात्र बोटीचा प्रत्येक कोपरा मोबाइलवर टिपला. जुने ओरखडे, फेंडरची (बोट घासू नये म्हणून बाजूला लटकवायच्या फुग्यांची) संख्या, डिंगीची वल्ही, विंचचे (दोर ओढायच्या चाकाचे) हँडल. यादीत नसलेला एक ओरखडा दिसला, तो लिहून घ्यायला लावला आणि मगच सही केली.

मग समुद्र. स्प्लित्स्का व्राता, म्हणजे शोल्टा आणि ब्राच या बेटांमधली सामुद्रधुनी, ओलांडून पहिला मुक्काम मिल्नाला. तिथून व्हिस. युगोस्लाव्हियाच्या काळात हे बेट लष्करी तळ होतं आणि 1989 पर्यंत परदेशी माणसाला तिथे पाऊल ठेवता येत नव्हतं. कदाचित त्यामुळेच बेटावर आजही गर्दीचा रेटा जाणवत नाही. डोंगरात खोदलेला पाणबुड्यांचा बोगदा बघताना वहिनी कितीतरी वेळ काही बोलल्याच नाहीत. दुपारचा वारा इथे वायव्येकडून येतो, त्याला माएस्त्राल म्हणतात. जमीन तापली की समुद्रावरून येणारे आपल्या कोकणातले खारे वारे, अगदी त्याच जातीचा. याच्याबरोबर शीड भरलं की बोट आपसूक पळते. भीती वाटते ती बुराची, डोंगरावरून झपाट्याने कोसळणाऱ्या ईशान्येच्या वाऱ्याची. आमच्या वाट्याला तो आला नाही.

ह्वार बेटावरचं स्तारी ग्राद मला सगळ्यांत आवडलं. इसवी सनापूर्वी 384 मध्ये पारोसच्या ग्रीकांनी वसवलेलं हे गाव, आणि त्यांनी आखलेल्या शेतांचे दगडी बांध आजही द्राक्षं आणि ऑलिव्हच्या मळ्यांतून दिसतात. 2008 पासून त्या शेतांचं मैदान जागतिक वारशात आहे. त्याच गावाच्या धक्क्यावर आम्ही बोट मागच्या बाजूने लावत होतो. समोरचा मुरिंगचा, म्हणजे बोट जागेवर धरून ठेवणारा, दोर अजून ताणलेला नव्हता, बाजूने वाऱ्याचा झोत आला, दादाच्या हातातला मागचा दोर ओढला गेला आणि बोटीची पायरी दगडाला टेकली. तळहाताएवढा जेलकोट, म्हणजे बोटीवरचा चकचकीत थर, निघाला. दादाचा चेहरा पडला. रात्री जेवताना तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "हे माझ्याकडून झालंय, पैसे मी भरतो." मी त्याला ग्रुपवरचा मेसेज काढून दाखवला. "दादा, तू होकार दिलास ना? मग विषय संपला." दुसऱ्या दिवशी शिडाचा दोर ओढायला तोच सगळ्यांत पुढे होता.

त्याच संध्याकाळी मी कंपनीला फोन केला, फोटो पाठवले, लॉगबुकात नोंद केली. लपवून काही साधत नाही. परत आल्यावर डायव्हर बोटीखाली जाऊन कील (तळाचा जड कणा) आणि सुकाणू तपासतो, वरचं नुकसान तर दिसतंच. बोट परत करताना दुरुस्तीचे साडेतीनशे युरो कापले. ती रक्कम मला जास्त वाटली, पण वाद न घालता मी लेखी नुकसान-अहवाल, बिल आणि डिपॉझिटमधून किती कापले त्याची पावती मागून घेतली. ही कागदपत्रं मरिना सोडण्याआधीच हातात हवीत, मागाहून ईमेलवर मिळवणं फार जड जातं.

घरी आल्यावर भाडेकरार, ताब्याची यादी आणि फोटो जोडून दावा पाठवला. पन्नास युरो वजा करून बाकीचे मिळाले, आणि ते पन्नास वर्गणीतून गेले. आता मंडळींना कॅटमरान, म्हणजे दोन सांगाड्यांची बोट, हवी आहे. तिचं डिपॉझिट बरंच जास्त असतं आणि दादाला त्यातला अर्धा भार आपल्या कार्डावर घ्यायचाय. भारतातल्या कार्डावर परदेशी व्यवहार चालू आहेत का, एवढी रक्कम त्यावर अडवता येते का आणि दोन कार्डांवर डिपॉझिट विभागून चालतं का, हे बुकिंगआधी विचारायचं काम त्याच्याकडे दिलंय.