गार हवा बंद, गॅस मात्र शाबूत

मोटारीच्या एसीतून गार हवा येईनाशी झाली की गॅस संपला, असेच बहुतेक मालक धरून चालतात. पुष्कळदा ते खरेही असते, कारण रबरी होज आणि ओ-रिंगा वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कडक होतात आणि गॅस हळूहळू झिरपून जातो. परंतु कंप्रेसर (गॅस दाबणारा पंप) इंजिनाशी जोडणाऱ्या विजेच्या क्लचची कॉइल जळाली, तिला वीज देणारा रिले गेला किंवा एखादी वायर तुटली तरी गार हवा बंदच होते, आणि अशा वेळी गॅस जागच्या जागी, पूर्ण दाबाने बसून असतो. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात मी गाड्यांच्या एसीचीच कामे करतो, त्यामुळे हा फरक मला रोज समजावून सांगावा लागतो; पण गेल्या एप्रिलमध्ये राजारामपुरीतल्या एका निवृत्त शिक्षकांच्या घरी तो ज्या रीतीने समोर आला, तसा पूर्वी कधी आला नव्हता.

सरांची मारुती ८०० जुनी आहे. कंप्रेसर आवाज करू लागला होता, नवा घालणे गाडीच्या किमतीच्या मानाने परवडणारे नव्हते आणि गाडी आता फक्त बाजारहाट आणि गावाकडच्या शेतापर्यंत जात होती, म्हणून त्यांनी आणि त्यांच्या पुतण्याने घरीच सगळा एसी काढून टाकायचे ठरवले. सकाळी फोन आला तेव्हा त्यांचा प्रश्न अगदी साधा होता. ‘‘कंप्रेसरच्या पाइपचा बोल्ट गंजलाय. पुतण्या म्हणतो ग्राइंडरनं पाइपच कापू या. चालेल ना?’’

मी विचारले, ‘‘सर, गॅस काढलाय का?’’

‘‘अहो, दोन वर्षं झाली गार हवा येत नाही. गॅस कुठला राहिलाय त्यात?’’

ग्राइंडरचा प्लग काढून ठेवा, मी येईपर्यंत पानासुद्धा लावू नका, एवढे सांगून मी साहित्य घेऊन निघालो.

गाडी घराच्या बाजूच्या शेडमध्ये उभी होती. तीन बाजूंना भिंती, पुढे अर्धे ओढलेले शटर आणि कोपऱ्यात इन्व्हर्टर. बंपर आणि जाळी काढून झाली होती, आणि ते काम नीटनेटके केलेले होते. स्क्रू डब्यांत, डब्यांवर चिठ्ठ्या. घरी एसी काढणाऱ्यांचे हे काम मला नेहमीच बरे वाटते, कारण पाना चालवणे अवघड नसते. अवघड असतो तो आतला गॅस. गाडीच्या एसीतला आर-१३४ए हा गॅस वातावरणाच्या दाबाखाली उणे २६ अंशांना उकळतो, म्हणजे पाइप अचानक उघडला तर बाहेर उसळणारा द्रव हाताची कातडी गोठवू शकतो आणि डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. तो हवेपेक्षा जड असल्याने बंद जागेत जमिनीलगत साचतो, आणि ज्योतीवर किंवा तापून लाल झालेल्या धातूवर गेला तर त्यातून हायड्रोजन फ्लोराइडसारखी विषारी वाफ तयार होते. शिवाय तो हवेत सोडून देणे हे पर्यावरणाच्या दृष्टीनेही हलके प्रकरण नाही. शंभर वर्षांच्या हिशोबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट तापमानवाढ करतो. अर्धा किलो गॅस सोडणे म्हणजे सुमारे ३०० लिटर पेट्रोल जाळण्यासारखे आहे.

क्लचची वायर काढून मीटर लावला तेव्हा कॉइल खुली दाखवत होती, म्हणजे जळालेली. गार हवा का बंद झाली, याचे उत्तर तिथेच मिळाले. मग दोन्ही सर्व्हिस पोर्टना, म्हणजे गॅस भरण्या-काढण्याच्या तोंडांना, दाब दाखवणारे गेज जोडले. इंजिन रात्रभर बंद असल्याने दोन्ही काटे एकाच आकड्यावर स्थिरावले, तसे ते स्थिरावतातच. पण तो आकडा १३५ पीएसआय (दाबाचे एकक) होता. शेडमधले तापमान ३२ अंश होते, आणि त्या तापमानाला शुद्ध आर-१३४ए चा दाब १०४ पीएसआयच्या आसपास असायला हवा. गॅस कमी असला तरी आत थोडाही द्रव शिल्लक असेपर्यंत हा दाब तापमानावरच ठरतो, प्रमाणावर नाही. काटा इतका वर गेला याचा अर्थ आत हवा शिरली आहे किंवा भलताच गॅस मिसळला आहे.

होजमधली हवा काढण्यासाठी मी गेजच्या टोकाचा जोड क्षणभर सैल केला, आणि जी बारीकशी फुसफूस झाली तिला स्वयंपाकाच्या सिलिंडरचा वास होता. आर-१३४ए ला असा वास मुळीच नसतो. एलपीजीची गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टनचा तो वास, आणि तो ओळखायला मेकॅनिक असावे लागत नाही. सरांच्या पत्नी दारातूनच म्हणाल्या, ‘‘गॅस चालू राहिलाय की काय?’’

पुतण्याने ग्राइंडरकडे पाहिले आणि तो काहीच बोलला नाही.

स्वस्तात गॅस भरून देण्यासाठी काही जण आर-१३४ए मध्ये एलपीजी मिसळतात किंवा नुसताच एलपीजी भरतात. थंडावा मिळतोही, कारण प्रोपेन आणि ब्युटेन हे मुळात चांगले शीतक आहेत. घरच्या नव्या फ्रिजमध्ये आयसोब्युटेनच असतो. परंतु फ्रिजमध्ये तो जेमतेम पन्नास-साठ ग्रॅम असतो आणि फ्रिजची रचना ज्वलनशील गॅस गृहीत धरून केलेली असते. गाडीच्या एसीची तशी नसते, आणि त्याची कूलिंग कॉइल तर थेट डॅशबोर्डखाली, बसणाऱ्याच्या गुडघ्यांपाशी असते.

एसीतला गॅस ओढून घेणारे माझे रिकव्हरी मशीन ज्वलनशील गॅससाठी बनवलेले नाही. त्याच्या मोटरची किंवा स्विचची एक ठिणगीसुद्धा पुरे झाली असती. म्हणून आधी गाडी न्यूट्रलमध्ये घालून तिघांनी ढकलत मोकळ्या अंगणात नेली, बॅटरीची निगेटिव्ह तार काढली आणि मोटरविना जमेल अशी जुनी रीत धरली. खराब गॅससाठी एक सिलिंडर मी नेहमी आतली हवा काढून, व्हॅक्यूम करून गाडीत ठेवतो. पुतण्या बर्फाची लादी आणि खडे मीठ घेऊन आला. टबात फोडलेला बर्फ, त्यावर मीठ, त्यात सिलिंडर, आणि गाडी उन्हात. गॅस नेहमी उबदार बाजूकडून गार बाजूकडे सरकतो, त्यामुळे व्हॉल्व्ह उघडताच होज थरथरला आणि काही मिनिटांत त्याच्यावर पांढरा थर चढला. काटा हळूहळू उतरत गेला, वीसच्या आसपास रेंगाळला आणि थांबला. व्हॉल्व्ह बंद करून आम्ही वाट पाहिली, कारण कंप्रेसरच्या तेलात विरघळलेला गॅस नंतर निघतो आणि दाब पुन्हा चढतो. तसा तो चढला, आणि पुन्हा व्हॉल्व्ह उघडावा लागला. असे पुन्हापुन्हा केल्यावरही थोडी वाफ उरलीच. ती लांब होजने, घराकडे वारा नसताना, अंगणाच्या टोकाला अगदी सावकाश सोडली. मला ते आवडले नाही, पण त्या मिश्रणासाठी माझ्याकडे दुसरी सोय नव्हती. सिलिंडरचे वजन सुमारे ४०० ग्रॅमने वाढलेले होते.

त्यानंतरचे काम बहुतांशी पुतण्यानेच केले. या गाडीत कंप्रेसरचा पट्टा वेगळा असल्याने तो नुसता काढला की झाले. ज्या गाड्यांत एकच लांब पट्टा अल्टरनेटरही फिरवतो, तिथे लहान मापाचा पट्टा किंवा रिकामी पुली शोधावी लागते. गंजलेल्या बोल्टवर तेल सोडून थांबल्यावर तो पान्यानेच निघाला. कार्ब्युरेटरकडे जाणारी, एसी लागताच इंजिनाची गती वाढवणारी व्हॅक्यूमची नळी मी स्वतः बूच लावून बंद केली, कारण ती उघडी राहिली तर इंजिन बंद पडत राहते. कूलिंग कॉइल मात्र काढू नका, असे मी सांगितले. ब्लोअरची हवा तिच्याच पेटीतून पुढे हीटरकडे जाते, आणि पेटी काढली तर त्या जागी एसी नसलेल्या गाडीचा जोडतुकडा मिळवावा लागतो. पाइपची दोन तोंडे बंद करून ती तिथेच ठेवली. कंप्रेसरमधले तेल बाटलीत काढून वापरलेल्या इंजिन ऑइलबरोबर देण्यासाठी बाजूला ठेवले.

सिलिंडरवर ‘ज्वलनशील, अज्ञात मिश्रण’ अशी चिठ्ठी लावून मी तो निघताना बंद केबिनमध्ये न ठेवता मागच्या उघड्या हौद्यात बांधला. तेवढ्यात सर जुने बिल घेऊन आले. त्यावर आर-१३४ए असेच लिहिले होते. मुलाच्या गाडीतही गेल्या वर्षी त्याच ठिकाणी गॅस भरल्याचे त्यांना आठवले. ती गाडी संध्याकाळीच दुकानात आणून लावा, रात्रभर उभी राहू द्या, म्हणजे सकाळी इंजिन थंड असताना दाब पाहता येईल, आणि येताना एसी लावू नका, असे मी त्यांना सांगितले.