तीन वर्षांत 'आपले'

गेल्या शनिवारी लेकीने लायब्ररीतून बेसबॉलवरचं एक पुस्तक आणलं. बेसबॉल तिला कळत नाही, मलाही नाही. रात्री सहज उघडून बघते तर आतल्या बाजूला एक छापील चिठ्ठी चिकटवलेली. आपल्या नगर वाचनालयाच्या पुस्तकांत 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ सप्रेम भेट' असतं ना, तसलीच. फक्त नाव एका अमेरिकन मुलाचं, त्यापुढे हुद्दा आणि बॉम्ब ग्रुपचा, म्हणजे बॉम्बफेकी विमानांच्या तुकडीचा, क्रमांक. कडा पिवळ्या पडलेल्या, एक कोपरा कुणीतरी नखाने उचकटलेला.

इंग्लंडात, नॉरिचला मला नऊ वर्षं झाली. मार्केटजवळच्या फोरम इमारतीत ही लायब्ररी आहे आणि तिच्यात अमेरिकन पुस्तकांचा एक वेगळा विभाग आहे. मला वाटायचं, त्यांच्या वकिलातीचं काहीतरी प्रचाराचं खातं असेल. ते स्मारक आहे, हे त्या चिठ्ठीमुळे कळलं. दुसऱ्या महायुद्धात नॉरिचच्या भोवतालच्या शेतांत अमेरिकेच्या आठव्या हवाई दलाची सेकंड एअर डिव्हिजन उतरली होती. १४ बॉम्ब ग्रुप, बी-२४ लिबरेटर विमानं. त्यातली जवळजवळ ७,००० माणसं परत गेली नाहीत. युद्ध संपता संपता उरलेल्यांनी आपसांत वर्गणी काढली, २० हजार पौंडांच्या वर जमवली, आणि पुतळाबितळा न उभारता ग्रंथालय करायचं ठरवलं. ते उघडलं १९६३ साली. १९९४ मध्ये अख्खी सेंट्रल लायब्ररी जळाली, त्यात हेही गेलं. २००१ मध्ये नव्या इमारतीत पुन्हा उभं केलं. माझी मुलगी त्या पोरांच्या वर्गणीतून आलेलं पुस्तक पोटावर घेऊन झोपली होती.

खरं सांगते, पहिल्यांदा मला आपली हुतात्मा स्मारकं आठवली. ऐंशीच्या दशकात गावोगावी बांधलेली. आमच्या भागातल्या एका स्मारकात मी लहानपणी पत्ते खेळणारी माणसं पाहिली आहेत आणि बाहेर वाळत घातलेल्या मिरच्या. आता लगेच 'परदेशात गेली आणि नावं ठेवायला लागली' म्हणू नका. पुढे वाचा, मला यांच्याशीही भांडायचंय.

रविवारी ते पुस्तक घेऊन मी शेजारच्या आजींकडे गेले. ८८ वर्षांच्या आहेत, हात थरथरतो पण चहा स्वतःच ओततात. चिठ्ठी वाचायला त्यांनी भिंग आणलं. नंबर बघितला आणि मान हलवली. "हे आमचे नव्हेत. आमचे ४६६ नंबरचे, ॲटलब्रिजचे." मग तासभर नुसतं आमचे, आमचे. सकाळी शाळेत जाताना पोरं विमानं मोजायची, संध्याकाळी परतणारी मोजायची, आणि आकडा जमला नाही तर घरी सांगायचं नाही असं सगळ्यांनी न बोलता ठरवलेलं. गोळ्या-चॉकलेटांवर १९४२ पासून रेशन, त्यामुळे ट्रक दिसला की मागे धावत 'एनी गम, चम?' (च्युइंग गम आहे का, दोस्ता?) ओरडायचं. नाताळात तळावर पोरांना पार्टी होती. तिथे आजींनी जन्मात पहिल्यांदा डब्यातलं पीच खाल्लं. त्या पाकाची चव सांगताना त्यांनी बोट चाटून दाखवलं, इतकं सहज की मीच बघायचं टाळलं.

त्या तळाच्या धावपट्टीवर आता टर्की पाळायच्या लांबच लांब शेड आहेत. मी तिथून कितीदा गेलेय, वास आला म्हणून काच वर केलीय.

आता भांडण. ही माणसं इथे होती किती? साधारण १९४२ ते ४५. तीन वर्षं. १९४४ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर ब्रिटनभर पंधरा लाखांच्या घरात अमेरिकन सैनिक होते. सगळ्यांनाच ते आवडत होते असंही नाही. पगार जास्त, पोरींमागे फिरतात आणि वर आमच्याच देशात येऊन बसलेत, अशी कुजबुज होतीच. तरी ८० वर्षांनी ते 'आवर बॉइज'. मी नऊ वर्षं इथे आहे. टॅक्स भरते, आजींचे कचऱ्याचे बिन बाहेर काढते, बर्फात त्यांच्या पायऱ्यांवर मीठ टाकते. आणि आजी दर डिसेंबरला प्रेमाने विचारतात, "नाताळात घरी जाणार ना?" घर माझं त्यांच्या भिंतीला भिंत लावून आहे!

मराठीत 'आमचे' आणि 'आपले' वेगळे आहेत, किती सोय आहे. इंग्रजी 'आवर'मध्ये मी धरलेली आहे की नाही, हे नऊ वर्षांत मला कळलेलं नाही.

आजी म्हणाल्या, काळ्या सैनिकांना आम्हीच माणसासारखं वागवलं, त्यांच्या गोऱ्यांनी नाही. हे खोटं नाही. अमेरिकन सैन्यात तेव्हा काळे-गोरे वेगळे, गावात सोडायच्या संध्याकाळीसुद्धा वेगळ्या. जून १९४३ मध्ये लँकेशायरच्या बँबर ब्रिज गावी पबमध्ये काळ्या सैनिकांना पकडायला गोरे मिलिटरी पोलीस आले, तेव्हा गावकरी काळ्यांच्या बाजूने उभे राहिले. रात्री गोळीबार झाला, विल्यम क्रॉसलँड नावाचा काळा सैनिक मेला, आणि शिक्षा झाली ती काळ्यांनाच, तीसहून जास्त जणांना. गावकऱ्यांबद्दल मला खरंच आदर वाटला. पण पाहुणा आणि भाडेकरू यांत फरक असतो. युद्धानंतर वेस्ट इंडिजमधून राहायला आलेल्या माणसांना याच देशात खोली मिळत नव्हती, दारावर पाट्या होत्या. आणि १९४३ म्हणजे बंगालचा दुष्काळ, तो मी आजींसमोर काढला नाही. ८८ वर्षांच्या बाईसमोर, तिचाच चहा पिताना, काय काढायचा. पण घरी येईपर्यंत डोक्यात तेच.

रात्री साताऱ्याला आप्पांना फोन लावला, बराचसा तणतणायलाच. इथे अमेरिकनांची आठवण पुस्तकाच्या पानापानाला, आणि आपले लोक यांच्यासाठी लढले ते कुणाच्या गावी नाहीत. माणगावच्या यशवंत घाडग्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, मरणोत्तर, इटलीतल्या १९४४ च्या लढाईचा. त्यांचं स्मारक २०२३ मध्ये मोंतोनेला झालं, पण ते इटलीत. इथे कुणाला विचारा! आप्पा ऐकत राहिले. मग म्हणाले, "अगं, अपशिंग्यात एका गावचे ४६ पहिल्या युद्धात गेले. तू तो दगड बघितलायस?"

नाही. साताऱ्याहून तासाभराच्या आत आहे. शाळेची सहल गेली होती तेव्हा मला गोवर झाला होता, हे कारण मी लगेच सांगितलं.

"बरं, आपल्या थोरल्या आबांची पलटण कोणती?"

थोरले आबा म्हणजे आप्पांचे चुलत आजोबा. दुसऱ्या युद्धात गेलेले, लंगडत परत आलेले, गावात 'इटलीवाले' म्हणून ओळखले जायचे. पलटण मला माहीत नव्हती. आप्पांनाही नव्हती, हे त्यांनी जरा थांबून कबूल केलं. माळ्यावर त्यांची पत्र्याची ट्रंक आहे, तिच्यावर नंबर रंगवलेला आहे, एवढं त्यांना आठवत होतं.

काल सकाळी व्हॉट्सॲपवर फोटो आला. हिरव्या रंगाचे पोपडे निघालेले, त्यात पांढरे चार आकडे दिसतात. पुढचे ज्वारीची पोती घासून गेलेत. खाली आप्पांचा मेसेज: "उजेडात नेऊन ओल्या फडक्याने पुसतो आणि परत पाठवतो."