घड्याळ धुरावर सुरू करायचं

पहिल्या क्रमांकाची तीन स्टॉपवॉच माझ्यासमोर आली तेव्हा त्यांवर आकडे होते १०.४७, १०.५२ आणि १०.८३. साताऱ्यातल्या एका मातीच्या ट्रॅकवर पुरुषांच्या १०० मीटरची अंतिम फेरी नुकतीच संपली होती. मुख्य वेळाधिकारी म्हणून या तीन आकड्यांतून एक वेळ काढून निकालपत्रकावर सही करायचं काम माझं होतं.

नियम सरळ आहे. हातानं घेतलेली वेळ घड्याळावर शंभरांशात दिसली तरी तशी लिहीत नाहीत, पुढच्या दशांशावर नेतात. १०.४७ चे १०.५ होतात, १०.५२ चे १०.६ आणि १०.८३ चे १०.९. नेमकं १०.५० आलं तरच ते १०.५ राहतं. तीनपैकी दोन घड्याळं जुळली तर ती वेळ धरायची, तिन्ही वेगळी आली तर मधली. म्हणजे आमचा निकाल १०.६. भोवती जमलेल्या मुलांनी तो केव्हाच काढला होता, आणि पोरगं १०.६ पळालं ही बातमी मंडपापर्यंत पोचलीही होती. २०२५ मध्ये अनिमेष कुजूरनं १०.१८ चा राष्ट्रीय विक्रम केला, तोही सिंथेटिक ट्रॅकवर आणि इलेक्ट्रॉनिक वेळेवर. फक्कीनं आखलेल्या मातीवर १०.६ म्हटल्यावर मैदान उसळणारच.

माझा पेन थांबला तो १०.६ मुळे नाही, तीन घड्याळांमधल्या फरकामुळे. एकाच धावपटूची छाती रेषेवर बघणाऱ्या सरावलेल्या वेळाधिकाऱ्यांत फार तर एक दशांश सेकंदाचा फरक पडतो. इथे ०.३६ सेकंदाचा होता. तेवढ्या वेळात हा मुलगा साडेतीन मीटर पुढे जातो. अंतिम रेषेच्या सरळ ओळीत, पायऱ्यांच्या स्टँडवर बसलेला माणूस साडेतीन मीटरनं चुकू शकत नाही. मग चूक शेवटी झालेली नव्हती. ती सुरुवातीला झाली होती, बटण पहिल्यांदा दाबलं गेलं तेव्हा. घड्याळ सुरू करायचं असतं ते स्टार्टरच्या पिस्तुलाचा धूर दिसताच, बार ऐकून नाही.

तिघांना एकत्र विचारलं असतं तर एकाचं ऐकून दुसऱ्यानं मान हलवली असती. म्हणून एकेकाला बाजूला घेतलं आणि एवढंच विचारलं, "सर, घड्याळ कशावर सुरू केलंत?"

"आवाजावर. धूर दिसलाच नाही ओ सर, ऊन थेट डोळ्यावर येत होतं."

दुसऱ्यांचंही तेच. तिसरे, म्हणजे १०.८३ वाले, सगळ्यात वरच्या पायरीवर बसले होते. डाव्या हातानं कपाळावर सावली धरून त्यांनी पिस्तुलाचा धूर बघितला होता.

मैदानाची मांडणी बघितली की उलगडा होतो. आमची सुरुवात पूर्वेला होती आणि अंतिम रेषा पश्चिमेला. आदल्या दिवशी दुपारी हीट, म्हणजे प्राथमिक फेऱ्या, झाल्या तेव्हा ऊन आमच्या पाठीवर होतं, धूर स्वच्छ दिसत होता. अंतिम फेरी सकाळी नऊच्या आत लागली. हिवाळ्यातला सूर्य स्टार्टरच्या डोक्यामागे खाली होता आणि धुरामागे पांढुरकं आकाश. पांढऱ्या धुरामागे पांढरं आकाश आलं की शंभर मीटरवरून काहीही दिसत नाही. याच मुलाची हीटमधली वेळ ११.० होती, आणि तेव्हाची तिन्ही घड्याळं एका दशांशाच्या आत होती.

आता आवाजाचा हिशेब. अशा गार सकाळी आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. शंभर मीटरवरच्या पिस्तुलाचा बार आमच्या कानावर ०.२९ सेकंदानं येतो, आणि तोवर धावपटू ब्लॉकवरून, म्हणजे पाय रोवायच्या ठोकळ्यांवरून, सुटायला लागलेला असतो. धूर मात्र त्याच क्षणी दिसतो. त्यात धुराची वाट बघत बसलेल्या माणसाला आधी आवाज आला तर तो क्षणभर गोंधळतो आणि अंगठा आणखी उशिरा दाबला जातो. घड्याळ जितकं उशिरा सुरू होईल तितकी वेळ कमी येते, आणि कमी वेळ म्हणजे वेगवान धाव, म्हणून कुणाची तक्रारही येत नाही. या चुकीचा मला सगळ्यात जास्त धाक वाटतो तो यासाठीच. सगळ्यांना आवडणारी चूक कुणी शोधायला जात नाही.

मोठं अंतर म्हणजे मोठी चूक, असंही नाही. ४०० मीटरची सुरुवात अंतिम रेषेजवळच असते, तिथे आवाजावर घड्याळ सुरू केलं तरी फारसं बिघडत नाही. २०० मीटरला मात्र स्टार्टर मैदानाच्या पलीकडच्या वळणाच्या तोंडाशी उभा असतो. प्रमाणित ट्रॅकवर तिथपासून अंतिम रेषेपर्यंतचं तिरकं अंतर ११० मीटरच्या आसपास भरतं, म्हणजे आवाजाला ०.३२ सेकंद. १०० आणि २०० सारख्या छोट्या शर्यतींतच ही चूक सगळ्यात जास्त पडते, आणि दशांश सेकंदाला सगळ्यात जास्त किंमत असते तीही याच शर्यतींत.

दोन घड्याळं चुकीच्या खुणेवर सुरू झाली हे वेळाधिकाऱ्यांनी स्वतः मान्य केल्यावर ती वेळ बाद. राहिलं एक घड्याळ. पण तीन अधिकृत वेळाधिकाऱ्यांबरोबर एक-दोन जादा वेळाधिकारी ठेवायची सोय नियमात आहे. त्यांची घड्याळं एरवी विचारात घेत नाहीत. अधिकृत घड्याळ बंद पडलं किंवा त्यानं वेळ नीट घेतली नाही, तरच ती उघडायची. आमच्याकडे असे एक जण होते, वरच्या पायरीवर, १०.८३ वाल्यांच्या शेजारी. त्यांचं घड्याळ उघडलं, १०.८६. त्यांनीही धूर बघितला होता. दोनच घड्याळं उपलब्ध असतील तर जास्त वेळ धरायची, म्हणून १०.८६, आणि ती वर नेऊन १०.९.

तरीही मी आणखी एक गोष्ट तपासली. दुसऱ्या क्रमांकाचं घड्याळही वरच्या पायरीवरच होतं आणि त्यावर १०.९८ होते. १०.५२ खरे मानले तर पहिल्या-दुसऱ्यात ०.४६ सेकंदाचं, म्हणजे साडेचार मीटरचं अंतर पडायला हवं होतं. क्रमांक देणाऱ्या पंचांना विचारलं तर ते म्हणाले, एक-सव्वा मीटर, फार तर. एक-सव्वा मीटर म्हणजे ०.१२ सेकंदाच्या आसपास. १०.८६ आणि १०.९८ मधला फरक तेवढाच आहे.

निकाल लावल्यावर मुलाचे प्रशिक्षक आले. माण तालुक्यातून मुलांना घेऊन येणारे, पदरचे पैसे घालणारे सज्जन गृहस्थ. आवाज चढलेला, पण बोलणं मुद्द्याचं.

"सर, दोन घड्याळं एक सांगतायत आणि एक घड्याळ दुसरं. मग दोघांचं खोटं आणि एकाचं खरं, असं कसं?"

प्रश्न रास्त होता. बहुमत तेव्हाच उपयोगी पडतं जेव्हा प्रत्येकाची चूक वेगळी असते. इथे दोघांची चूक एकच होती, म्हणून ती दोघं जुळली. हे त्यांना सांगितलं. मग त्यांच्याच एका मुलानं मोबाइलवर घेतलेला व्हिडिओ मागितला. मंडपाजवळून, मैदानाच्या मधोमध उभं राहून घेतलेला, आणि त्यात सुरुवातीचा धूर बाजूच्या झाडांच्या पार्श्वभूमीवर छान दिसत होता. सेकंदाला ३० फ्रेम. धूर दिसला त्या फ्रेमपासून छाती रेषेवर येईपर्यंत एकेक फ्रेम पुढे सरकवत आम्ही दोघांनी मोजलं. ३३१ फ्रेम, म्हणजे ११.०३ सेकंद. एका-दोन फ्रेमची चूक धरली आणि मोबाइल रेषेच्या सरळ ओळीत नव्हता हे जमेला धरलं, तरी ही धाव अकरा सेकंदांच्या आसपासची होती, यात शंका उरली नाही. निकाल व्हिडिओवर दिला नाही, देताही येत नाही. तो फक्त त्यांच्या समाधानासाठी बघितला.

मग त्यांनी विचारलं, व्हिडिओ ११.०३ म्हणतोय तर तुमचे १०.९ तरी कुठून आले? याला कारण अंगठा. धूर दिसल्यावर बटण दाबायला माणसाला साधारण दोन दशांश सेकंद लागतात. शेवटी मात्र धावपटू येताना दिसत असतो, त्यामुळे अंगठा आधीच तयार असतो आणि जवळपास वेळेवर पडतो. सुरुवातीला उशीर आणि शेवटी नाही, म्हणून नीट घेतलेली हाताची वेळसुद्धा खऱ्या वेळेपेक्षा कमीच येते. इलेक्ट्रॉनिक वेळेशी तुलना करताना १०० आणि २०० मीटरसाठी तीत ०.२४ मिळवतात ते यामुळेच.

साताऱ्यात हेलसिंकी १९५२ म्हटलं की गोळेश्वरचे खाशाबा जाधव आणि त्यांचं कांस्यपदक आठवतं. त्याच ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या १०० मीटरच्या अंतिम फेरीत पहिल्या चौघांची हातानं घेतलेली वेळ एकच आली होती, १०.४. क्रम फोटोवरून लावावा लागला. लिंडी रेमिजिनो पहिला आणि हर्ब मॅकेन्ली दुसरा. आपण हरलो असं समजून रेमिजिनो मॅकेन्लीचं अभिनंदन करायलाही गेला होता. कॅमेऱ्याला जोडलेल्या घड्याळावर रेमिजिनोची वेळ निघाली १०.७९ आणि मॅकेन्लीची १०.८०. ऑलिंपिकसाठी निवडलेल्या वेळाधिकाऱ्यांच्या हातातही जवळपास चार दशांश सेकंद असे गळून गेले होते. १९७७ पासून १०० मीटरच्या विश्वविक्रमासाठी फक्त इलेक्ट्रॉनिक वेळ धरतात. मी प्रशिक्षकांना हे सांगितलं, कारण आपल्या मैदानावरच असं होतं हा त्यांचा समज मला काढायचा होता.

आज मोठ्या स्पर्धेत पिस्तूल ही एक कळ असते. ती दाबली की घड्याळ तारेवरून सुरू होतं आणि आवाज प्रत्येक धावपटूच्या ब्लॉकमागच्या स्पीकरमधून एकाच क्षणी निघतो. अंतिम रेषेवरचा कॅमेरा एका चिंचोळ्या फटीतून फक्त ती रेषा बघतो, सेकंदाला हजारहून जास्त वेळा, आणि त्या पट्ट्या शेजारी शेजारी जोडतो. त्या चित्रात डावं-उजवं म्हणजे अंतर नसतं, वेळ असते. त्यावर पंच छातीची रेषा लावतात. डोकं, मान, हात, पाय धरत नाहीत. पॅरिसला २०२४ मध्ये नोआ लायल्स आणि किशेन थॉम्पसन दोघांची वेळ ९.७९ आली आणि निकाल हजारांशावर गेला, ९.७८४ आणि ९.७८९. पाच सहस्रांश सेकंद म्हणजे त्या वेगाला सुमारे पाच सेंटिमीटर, अंतिम रेषेच्या जाडीएवढं अंतर. आपल्याकडे स्टार्टर पहिल्या लेनच्या बाजूला अगदी जवळ उभा राहिला, तर आठव्या लेनला आवाज साडेआठ मीटर जास्त चालून जातो, म्हणजे ०.०२५ सेकंद उशिरा. पॅरिसच्या फरकाच्या पाचपट. म्हणून स्टार्टरला मी नेहमी मागे सरकून, सगळ्या लेन जवळपास सारख्या अंतरावर येतील असं उभं राहायला सांगतो.

वेळ वर न्यायच्या नियमाचा प्रश्नही त्या दिवशी निघाला. खाली नेली तर काय बिघडतं? दोहाला २००६ मध्ये जस्टिन गॅटलिनची वेळ ९.७६ जाहीर झाली आणि असाफा पॉवेलचा ९.७७ चा विश्वविक्रम मोडला म्हणून जल्लोष झाला. मुळात वेळ होती ९.७६६. ती वर जायला हवी होती, चुकून खाली गेली होती. काही दिवसांनी ९.७७ अशी दुरुस्ती झाली आणि विक्रम मोडल्याऐवजी बरोबरी उरली. पुढे उत्तेजक प्रकरणात गॅटलिनची ती धाव रद्दच झाली, ती गोष्ट वेगळी.

प्रशिक्षकांना मुलाच्या प्रवेशअर्जावर वेळ लिहायची होती, आणि मला काळजी होती ती त्याचीच. १०.६ लिहून मुलगा राज्य पातळीवर गेला असता, बालेवाडीच्या सिंथेटिक ट्रॅकवर जीव तोडून पळाला असता आणि फलकावर ११.० च्या पुढचा आकडा बघितला असता. आपण मागे पडलो असं त्याला वाटलं असतं. प्रशिक्षकांनी चांगला चाललेला सराव बदलला असता. १०.९ घेऊन गेला तर तिथला ११.० त्याला नेमका कळेल. पत्रकावर वाऱ्याच्या रकान्यात मी "मोजला नाही" लिहिलं. वारामापक नव्हता, आणि १०० मीटरला वारा सुरुवातीपासून दहा सेकंद मोजून तो पाठीमागून सेकंदाला २.० मीटरपेक्षा जास्त नाही हे सिद्ध झाल्याशिवाय वेळ विक्रमाला धरत नाहीत.

संध्याकाळी चार फूट बाय चार फुटांचा प्लायवुड आणून त्याला बिनचकाकीचा काळा रंग दिला. बांबूच्या चौकटीवर तो स्टार्टरच्या उंचावलेल्या हाताच्या मागे येईल असा उभा केला. तेलकट चमकणारा रंग चालत नाही, उन्हात तोच पांढरा दिसतो. काही शाळा पिस्तुलाऐवजी लाकडी क्लॅपर, म्हणजे एकमेकींवर आपटायच्या दोन फळ्या, वापरतात. तिथे फळ्या मिटताना आधीच दिसतात आणि अंगठा घाई करतो, म्हणून क्लॅपर असला तर फळ्या मिटल्यावरच दाबा, असं बजावून सांगावं लागतं. २०० मीटरची अंतिम फेरी दहानंतर, सूर्य वर आल्यावर घ्यायचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या शर्यतीआधी रिकामा बार काढला. आठही वेळाधिकाऱ्यांनी धुरावर घड्याळं सुरू केली आणि दहाएक सेकंदांनी मी अंतिम रेषेवर निशाण खाली आणताच बंद केली. सात घड्याळं ०.०९ सेकंदाच्या आत होती. आठवं इतरांपेक्षा ०.२७ नं कमी. आणखी दोन बार काढले, दोन्ही वेळा तेच घड्याळ तेवढंच मागे. त्या सरांचा दोष म्हणता येणार नाही. वर्षानुवर्षं कानावर काम केलेला हात एका सकाळीत डोळ्याचं ऐकत नाही. १०० आणि २०० मीटरसाठी त्यांना क्रमांक देणाऱ्या पंचांमध्ये बसवलं आणि ४०० मीटरला परत घड्याळ त्यांच्या हातात दिलं. तिथे पिस्तूल आमच्या शेजारीच वाजणार होतं.